चंदेरीत खरंच भूत आहे का? तुम्ही विचारलंत म्हणून

मी ग्वाल्हेरची म्हटलं की पूर्वी लोक किल्ला, तानसेन आणि शिंदे एवढ्यावर भागवायचे. २०२४ च्या ऑगस्टात चंदेरीत घडणारा ‘स्त्री २’ हा भुताचा हिंदी पिक्चर आला आणि तेव्हापासून पुण्या-मुंबईचं कोणीही भेटो, प्रश्न एकच, अगं चंदेरी तुमच्याकडेच ना, तिथे खरंच असलं काही आहे का गं? मावशी विचारते, मावशीच्या भिशीतल्या बायका विचारतात, भाच्याच्या मित्राने तर सरळ फोन लावला. तर एकदाच नीट सांगते.

आधी हे की चंदेरी म्हणजे ग्वाल्हेरच्या बाड्यावरून, भर चौकातून, टेम्पोत बसलं आणि उतरलं असं नाहीये, दोनशे किलोमीटरच्या वर आहे, अशोकनगर जिल्ह्यात. आणि सरकटा, म्हणजे त्या पिक्चरमधला धडावेगळ्या मुंडक्याचा राक्षस, तिथे नाही. पहिल्या भागात भिंतींवर लिहिलेलं ते ‘ओ स्त्री कल आना’ पण मूळचं तिथलं नाही, ती कर्नाटकातली दंतकथा, तिकडे लोक भुताला परतवायला दारावर ‘नाळे बा’ लिहायचे, म्हणजे उद्या ये, बंगळुरूत नव्वदच्या दशकात हे बरंच पसरलं होतं. शूटिंग मात्र खरोखर चंदेरीत झालंय, त्या गल्ल्या खऱ्या आहेत.

पण मुंडकं नसलेला राक्षस नेमका याच गावात आणला हे मला जबरदस्त वाटलं. कारण जानेवारी १५२८ मध्ये बाबराने मेदिनीरायाकडून चंदेरी घेतली तेव्हा गावाच्या वायव्येला टेकडीवर मुंडक्यांचा मनोरा उभारायला लावला, आणि हे दुसऱ्या कोणी नाही, बाबराने स्वतःच आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. किल्ल्यावर त्या वेळच्या जोहाराचं स्मारक आहे, एका दरवाज्याला अजून खूनी दरवाजा म्हणतात. आता हे माहीत असल्यावर कॉम्प्युटरने केलेलं मुंडकं हवेत भिरभिरताना बघून काय घाबरायचं? धड तरी खरं आहे, जम्मूचा सुनील कुमार म्हणून पोलिसातला पैलवान आहे, साडेसात फुटांच्या आसपास उंच, तो नुसता उभा राहिला तरी अंगावर येतो. मग शेवटी अक्षय कुमार काय, दुसऱ्या पिक्चरमधला लांडगा होणारा भेडिया काय, सगळे एकेक करून येतात आणि भीती जी जाते ती परत येत नाही. हे माझं मत हं, पिक्चरने पैसे तुफान कमावले.

मला भीती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. सरकटा कोणत्या पोरी उचलतो? मॉडर्न, स्वतःच्या मनाने चालणाऱ्या. मुंबईत असा राक्षस आला तर बिचाऱ्याला शोधतच बसावं लागेल, पण छोट्या गावात कुठली पोरगी कोणाशी बोलते, किती वाजता घरी येते, जीन्स घालते की नाही, हे सगळ्या गल्लीला पाठ असतं, त्याने नुसतं कोपऱ्यावरच्या पानवाल्याला विचारलं तरी पत्त्यासकट यादी मिळेल. आणि खरंच एखादी गायब झाली तर आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागात पहिलं वाक्य काय येईल तेही मला माहितीये. गेली असेल कोणाबरोबर.

आमच्या वाड्यामागे पिंपळ होता आणि त्याच्यावर मुंजा होता, म्हणजे आजी तरी तसं सांगायची. मुंज झालेला पण लग्नाआधी मेलेला मुलगा, त्याचं म्हणे लग्नाचं राहून गेलेलं असतं म्हणून तो पोरींना धरतो. त्याच वर्षी ‘मुंज्या’ पण आला होता, कोकणातला, ते बघताना आजीच आठवली. तर दिवेलागण झाली की आम्ही बहिणी आत, परवचा म्हणायला, आणि माझे चुलतभाऊ त्याच पिंपळाखाली रात्री दहापर्यंत पत्ते कुटत बसायचे, त्यांना मुंजाने कधी हात लावला नाही. मी एकदा आजीला विचारलं की दादाला का नाही धरत, तर म्हणाली, तुला फार प्रश्न पडतात. ‘स्त्री २’ मध्ये गावातले पुरुष त्या राक्षसाच्या प्रभावाखाली येतात आणि बायकांना घरात बसवतात. थिएटरात लोक ते जादूटोणा म्हणून बघत होते. आमच्याकडे राक्षसाशिवाय भागायचं.

असो. भूत बघायला म्हणून कोणी जाऊ नका, पण चंदेरीला जरूर जा. पुण्याहून येत असाल तर ललितपूरला उतरा, तिथून रस्त्याने तासाभराचं अंतर. बादल महल दरवाजा बघा, त्याच्यामागे महलच नाही, नुसता दरवाजा उभा आहे. कटी घाटी बघा, आख्खा डोंगर कापून केलेली वाट आहे ती. किल्ल्यावर अंधार पडायच्या आत उतरा, सरकट्यामुळे नाही, भटकी कुत्री असतात. आणि मावशीला म्हणावं साडी दुकानातून घेऊ नकोस, विणकराच्या घरी माग चालू असतो तिथे बस, बघ, आणि मग घे, आणि त्याच्याशी घासाघीस करू नकोस.