वर्षश्राद्धासाठी फैजपूरकडे

मे महिन्यात खान्देशात जाऊ नये, असे मी ओळखीच्या प्रत्येकाला बजावून सांगते, कारण भुसावळच्या फलाटावर पहाटे उतरतानाही आदल्या दिवसाचा उकाडा जमिनीतून वर येत असतो आणि दुपारी पारा 45 अंशांच्या पुढे गेला तरी तिथे कोणाला त्याचे विशेष वाटत नाही. परंतु आई गेली तीच मेमध्ये, त्यामुळे तिच्या वर्षश्राद्धाला जाण्यासाठी दुसरा महिना निवडण्याची सोय नव्हती. पुण्याहून रात्रीच्या गाडीने भुसावळ, आणि तिथून फैजपूरच्या दिशेला काळी-पिवळी जीप. जिच्यात नऊ माणसे दाटीवाटीने बसतील तिच्यात चौदा जण आणि एक शेळी कोंबल्याशिवाय चालक किल्ली फिरवत नाही, हे तिथले गणित काही बदललेले नाही.

तापीवरचा पूल ओलांडला की रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीचे मळे सुरू होतात आणि उत्तरेला सातपुड्याची निळसर रेघ दिसू लागते. मळ्यांच्या कडेने वारा अडवण्यासाठी शेवरी दाट लावलेली असते, तरीही मेअखेरीच्या वादळात निसवलेली, म्हणजे घड बाहेर पडलेली, बाग एका रात्रीत आडवी होते. त्या वाऱ्याची धास्ती या पट्ट्यातल्या प्रत्येक घरात असते. फैजपुरात 1936 च्या डिसेंबरात काँग्रेसचे अधिवेशन भरले होते, ग्रामीण भागात भरलेले ते पहिले अधिवेशन, आणि अध्यक्ष होते जवाहरलाल नेहरू. आईचा जन्म त्यानंतर काही वर्षांनी झाला. पण तिच्या वडिलांकडून ऐकलेले ते अधिवेशन ती अशा तपशिलाने सांगत असे की ऐकणाऱ्याला ती स्वतः मांडवात पुढच्या रांगेत बसली असावी असे वाटे.

श्राद्धाच्या विधीविषयी मला फार लिहायचे नाही. जेवणाला वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी होती, वाढणाऱ्यांनी आग्रहाची परिसीमा केली, आणि एवढ्या उन्हात तुपात बुडवलेली बट्टी चौथ्यांदा ताटात पडली तेव्हा खान्देशी पाहुणचाराचा मला मनापासून राग आला. मला लिहायचे आहे ते जेवणाआधी झालेल्या भाषणाविषयी.

गावातल्या एका वयोवृद्ध, मानाच्या गृहस्थांनी आईला श्रद्धांजली वाहिली. त्यांच्या बोलण्यात आई गरीब गाय होती. कमी वयात कुंकू पुसले गेले तरी तिने कधी वर मान करून कोणाशी शब्द काढला नाही, दिरांच्या आधाराने दिवस काढले, स्वतःसाठी काहीही मागितले नाही, जे आले ते वाटून टाकले. मांडवातल्या बायका पदराने डोळे पुसत होत्या. मी मात्र आईच्या तसबिरीकडे बघत होते, आणि हे गृहस्थ नेमके कोणाविषयी बोलत आहेत, हे मला उलगडत नव्हते.

वडील गेले 1979 साली. तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि भाऊ सहा. तेराव्याचे पाहुणे परतले नाहीत तोच थोरल्या काकांनी सुचवले की सातबाऱ्यावर आता त्यांचे एकट्याचे नाव लावावे, नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर असे लिहून घ्यावे, जमीन तेच कसतील आणि दरवर्षी आम्हाला पुरेल एवढे धान्य आणि खर्चापुरते पैसे देतील. आईने पिकाचा हिशेब दरवर्षी लेखी मिळेल का, असे विचारले. त्यावर काका हसून म्हणाले, ‘‘आपसात कसाचा हिशोब?’’ आई सातवीपर्यंत शिकलेली होती, पण 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने विधवा ही मुलांच्या बरोबरीची वारस ठरते, हे तिला माहेरच्या एका नातेवाइकाने समजावून दिले होते आणि तेवढे तिला पुरले. तिने तलाठ्याकडे स्वतः वारस नोंदीचा अर्ज दिला. फेरफाराची नोटीस चावडीवर लागली, तेव्हा हरकत घेण्याच्या मुदतीत ती रोज संध्याकाळी चावडीवर जाऊन नोटीस जागेवर आहे की नाही हे पाहून येत असे; एकदा तो कागद फाडलेला आढळला, तेव्हा दुसऱ्या दिवशी तलाठ्याला दाराशी उभे राहून नवा डकवायला लावला. पुढे जो उतारा हाती आला त्यावर तिचे नाव होते, आणि खाली आम्हा दोघा भावंडांच्या नावांपुढे ‘अ.पा.क. आई’ असे होते, म्हणजे अज्ञान मुलांची पालनकर्ती आई. तो उतारा तिने ट्रंकेत सर्वांत वर ठेवला होता, लग्नातल्या शालूच्याही वर. काकांच्या घराशी आमचे बोलणे त्यानंतर पाच-सहा वर्षे बंद होते. दिरांचा आधार तो हाच.

केळीची बाग ती स्वतः करू लागली. सुरुवातीला मजूर तिचे ऐकत नसत, मग ऐकू लागले, मग तिला घाबरू लागले. शेताचे अंतर तुडवून पाय दुखतात म्हणून तिने जुनी लूना विकत घेतली आणि पातळाचा ओचा खोचून ती गावातून चालवली, तेव्हा देवळाच्या पारावर बसणाऱ्यांना वर्षभर पुरेल एवढा विषय मिळाला. आडगावच्या मनुदेवीला ती त्याच लूनावरून एकटी जाऊन आली होती. नोव्हेंबर 1986 मध्ये शेतकरी संघटनेने चांदवडला महिलांचे अधिवेशन भरवले, तेव्हा गावातल्या बायकांना ट्रकमध्ये बसवून घेऊन जाणारी तीच होती. कोणाच्या सासूची परवानगी मिळाली नाही तर त्या सासूलाही ट्रकमध्ये चढवले गेले. आम्हा भावंडांना त्या रात्री शिळी भाकरी खावी लागली आणि शेजारच्या मावशींकडे झोपावे लागले, याची तक्रार माझा भाऊ अजूनही करतो. आई म्हणून ती मायाळू होती असे मी म्हणणार नाही. ती कडक होती, जवळ घ्यायची क्वचित, परीक्षेत कमी गुण पडले तर दोन दिवस बोलायची नाही. पण फैजपूरच्या धनाजी नाना महाविद्यालयात मला घालण्यावरून जेव्हा घरोघरी चर्चा झाली, तेव्हा तिने कोणाला उत्तरसुद्धा दिले नाही, फक्त फी भरून आली.

भाषणाचा अर्थ मला जेवणानंतर कळला. पाहुणे पांगल्यावर चुलतभावाने मला ओसरीवर बोलावले, पाण्याचा तांब्या स्वतः आणून दिला आणि अत्यंत गोड शब्दांत हक्कसोडपत्राचा विषय काढला. बहिणींनी सही करून देण्याची पद्धतच आहे, तू पुण्यात सुखात आहेस, भावाच्या मागे शेतीचे कर्ज आहे, आणि आईनेही आयुष्यभर सोडूनच दिले ना, तू तिचीच लेक आहेस. भाऊ शेजारी बसून पंख्याकडे पाहत होता. दुय्यम निबंधकाकडे जाण्याचा दिवसही ठरवून ठेवलेला होता. मी विचार करून सांगते, असे म्हटले, तेव्हा चुलतभावाचा चेहरा किंचित बदलला आणि आतल्या एका वहिनीने भांडे आपटले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी घरातून निघून सावद्याला गेले. सावदा, निंभोरा, रावेर ही भुसावळ-खंडवा मार्गावरची स्थानके; इथून केळी रेल्वेने दिल्लीकडे जात आली आहे. आमच्या बागेची केळी वर्षानुवर्षे भरणारे एक आबा तिथे भेटले. आता वयोमानामुळे ते उचलत नाहीत, नुसते बसून घड कसे ठेवावेत ते पोरांना सांगतात. आईचे नाव काढताच त्यांनी बिडी विझवली आणि काट्याची गोष्ट सांगितली, जी मी कधी ऐकलेली नव्हती.

कापणी चालू होती आणि व्यापाऱ्याच्या माणसाने वजनकाटा बांधावर आणून ठेवला होता. घड चढत होते, आकडे लिहिले जात होते, आणि आईला आकडे हलके वाटत होते. तिने वाद घातला नाही. लूनावर बसून ती गावात गेली, रेशन दुकानातल्या काट्यावर उभी राहून स्वतःचे वजन करून आली, आणि परत येऊन सगळ्यांसमोर चपला काढून व्यापाऱ्याच्या काट्यावर उभी राहिली. ‘‘रेशनच्या दुकानात छप्पन भरली, अन् अठी त्रेपन,’’ आबा तिच्या आवाजात म्हणाले, ‘‘तीन किलो मी काय वाटेवर सांडून आली का?’’ मजूर इतके हसले की कापणी थांबली. रेल्वेचा डबा भरायची वेळ टळत होती, त्यामुळे व्यापाऱ्याच्या माणसाला दुसरा काटा आणावा लागला आणि आधीचे सगळे घड पुन्हा चढवावे लागले. ती फेरउचल आबांनीच केली होती, आणि त्या दुप्पट कामाची मजुरी आईने व्यापाऱ्याकडूनच त्यांना मिळवून दिली होती. ‘‘पन आमच्या मजुरीतले दोन रुपये तिनं कधी वाढवले नाही हां,’’ हेही त्यांनी तितक्याच आवर्जून सांगितले, ‘‘लई चिक्कट बाई.’’

आदल्या दिवशी मांडवात ऐकलेल्या तासाभराच्या भाषणापेक्षा हे ‘चिक्कट’ मला कितीतरी खरे वाटले. आबांना बोलावणे गेले नव्हते, असेही बोलण्यात निघाले.

भाऊ मला भुसावळपर्यंत सोडायला आला. वाटेत तो केळीच्या भावाविषयी, ठिबकच्या नळ्यांविषयी आणि औषधांच्या किमतीविषयी बोलत राहिला आणि कर्ज आहे हे काही खोटे नव्हते. स्टेशनच्या आवारात बॅग उतरवताना त्याने दिवाळीपर्यंत सही करशील का, असे विचारले. मी म्हटले की आधी आईच्या हिश्श्याची वारस नोंद आपल्या दोघांच्या नावे होऊ दे आणि गेल्या तीन हंगामांच्या बागेचा खर्च व उत्पन्न मला लेखी पाठव, मग बसून बोलू. कर्जातला माझा वाटाही मी उचलेन. तो चांगलाच दुखावला. ‘‘आपल्यात कसाचा हिशोब, ताई?’’ असे तो म्हणाला. काकांनी हे म्हटले तेव्हा तो सहा वर्षांचा होता, त्याला ते आठवण्याचे कारण नाही. मी त्याला ती हकीकत फलाटावर उभ्या उभ्या सगळी सांगितली, गाडी चाळीस मिनिटे उशिरा असल्यामुळे वेळ भरपूर होता. हिशेब अजून आलेला नाही, पण वारस नोंदीचा अर्ज दोघांच्या नावांनी दिल्याची पोच त्याने मागच्या आठवड्यात व्हॉट्सॲपवर पाठवली आहे.