आठही पट्ट्या भरल्या

दुपारपासून मृण्मयीचा प्रश्न डोक्यातून जात नाहीये. "दादा, एवढं सगळं कशाला केलं होतंत?"

तिच्या मनात काही नव्हतं. पायथन ३.१४ च्या, जीआयएल (एका वेळी एकाच थ्रेडला चालू देणारं कुलूप) काढलेल्या बिल्डवर तिने माझी मल्टिप्रोसेसिंगची, म्हणजे काम वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये वाटणारी फाइल उचलून बाजूला ठेवली आणि साधे थ्रेड, म्हणजे एकाच प्रोसेसमध्ये शेजारी शेजारी चालणारे धागे लिहिले. प्रोसेसर किती राबतोय ते दाखवणाऱ्या एचटॉपमध्ये एकच प्रोसेस, आणि आठही कोअरच्या पट्ट्या काठोकाठ भरलेल्या. मी बघतच राहिलो.

कशाला केलं होतं? कोड चालवणाऱ्या अख्ख्या इंटरप्रिटरला हे जीआयएलचं कुलूप एकच. ज्याच्या हातात ते, तोच थ्रेड पायथनचा कोड चालवणार; बाकीचे ताटकळत, दर ५ मिलिसेकंदांनी पाळी मागत. म्हणून आठ प्रोसेस. मग तोच अवाढव्य तक्ता आठ वेळा पिकल करून, म्हणजे बाइट्समध्ये बांधून धाडायचा, उत्तरं पिकल होऊन परत यायची. मेमरी पुरेना. २०१९ ची दिवाळी मी अडकलेल्या प्रोसेस मारण्यात घालवली. बाबा तेव्हा घरी होते. जाऊ दे.

सहा वर्षं त्या फाइलला जपलं आणि आज ती नको झाली. कशाला केलं होतंत!

जेवण झाल्यावर पीईपी ७०३, म्हणजे जीआयएल ऐच्छिक करण्याचा पायथनचा प्रस्ताव, पुन्हा उघडला. ग्रेग स्टाइनने १९९० च्या दशकातच जीआयएल काढून दाखवला होता, पण एका थ्रेडचा वेग जवळपास निम्म्यावर आला. २०१६ मध्ये लॅरी हेस्टिंग्जने पुन्हा हात घातला. त्यालाही रेफरन्स मोजणीच, म्हणजे प्रत्येक ऑब्जेक्ट किती ठिकाणी वापरात आहे त्याची नोंद, आडवी आली. मग या पीईपीच्या लेखकाने, सॅम ग्रॉसने, प्रत्येक ऑब्जेक्टला एक मालक थ्रेड दिला. मालकाने आपली मोजणी स्वस्तात करायची, इतरांची वेगळी ठेवायची. तरीही ३.१३ मध्ये एकेरी थ्रेडला सुमारे ४० टक्के भुर्दंड होता, ३.१४ मध्ये तो ५ ते १० टक्क्यांवर आला. स्टाइनचं नाव वाचताना मला का कोण जाणे बरं वाटलं. त्याचाही कोड कुणी ठेवला नाही.

साडेदहाला तिचा फोन. "दादा, एकूण बेरीज दर वेळी कमी येतेय, आणि दर वेळी वेगळी."

ती ओळ माझीच निघाली. एक ग्लोबल आकडा आणि त्यात अधिक एक. प्रत्येक प्रोसेसकडे आपापली प्रत असायची, म्हणून इतकी वर्षं बिनघोर चाललं. आता आठ थ्रेड एकाच आकड्यावर तुटून पडतात. दोघं एकदम वाचतात, एकाचं लिहिणं पुसलं जातं. हे फोनवर समजावताना दुपारचं ओझं कधी उतरलं कळलंच नाही. ती फाइल अशी का होती, तेही विचारलं तिने. सांगितलं सगळं.

मी त्या आकड्याला लॉक सुचवला, एका वेळी एकाच थ्रेडने लिहायचं. ती म्हणाली, "प्रत्येक थ्रेडने आपली मोजणी आपल्याजवळच ठेवली, आणि शेवटी एकदाच मिळवली तर?"

बरोबर आहे तिचं. उद्या तसंच करू. जुनी फाइल मीच काढून टाकतो म्हणालो.