मायामी-डेडचा पहिला आकडा

३ नोव्हेंबर २०२०, अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीचा दिवस, संध्याकाळचे साडेसात. फ्लोरिडात बहुतेक ठिकाणी मतदान सातला संपलं होतं. पॅनहँडलचा, म्हणजे राज्याच्या वायव्येकडच्या चिंचोळ्या पट्ट्याचा, पश्चिम भाग एक तास मागच्या घड्याळावर चालतो, तिथे अजून मतदान चालू होतं. आमच्या निकालाच्या तक्त्यात मायामी-डेड काउंटीची (काउंटी म्हणजे जिल्ह्यासारखा भाग; हिच्यात मायामी शहर येतं) ओळ भरली आणि डेमोक्रॅटिक उमेदवार बायडन यांची आघाडी एक आकडी टक्क्यांत दिसली. २०१६ मध्ये त्याच पक्षाच्या हिलरी क्लिंटन यांनी हीच काउंटी २९ टक्क्यांच्या फरकाने जिंकली होती. आकडा चुकीच्या रकान्यात पडला असावा, ही पहिली शंका. काउंटीच्या संकेतस्थळावर पुन्हा ताडून पाहिला. बरोबर होता.

पहिला कल म्हणून तो बाजूला सारता येत नव्हता. आपल्याकडे टपाली मतं आधी मोजायला घेतात, पण ती थोडी असतात. फ्लोरिडात त्या वर्षी पाचातली जवळपास चार मतं टपालाने किंवा आगाऊ मतदानातून आधीच पडली होती, आणि मोजून झालेली अशी मतं मतदान संपल्यावर अर्ध्या तासात जाहीर करायची हा तिथला कायदाच आहे. उरली होती त्या दिवशीची मतं, आणि त्या वर्षी ती रिपब्लिकनांकडे झुकणार हे आधी मत दिलेल्यांच्या पक्षनोंदणीच्या (तिथे मतदार यादीत आपला पक्ष नोंदवता येतो) रोजच्या आकड्यांवरून दिसत होतं. म्हणजे आघाडी वाढायला वावच नव्हता. शेवटी ती ७.३ टक्क्यांवर थांबली.

आमचा अंदाज कुठे फसला ते आकड्यांतच बघा. सर्वेक्षणांच्या सरासऱ्या राज्यात बायडन यांना एक ते अडीच टक्के पुढे दाखवत होत्या. २०१६ मध्ये रिपब्लिकन ट्रम्प राज्यात १.२ टक्क्यांनी जिंकले होते. हा बदल सगळ्या काउंट्यांवर सरसकट लावला, तर मायामी-डेडमध्ये ३२च्या आसपास आघाडी निघते. सरसकट झुकावाची ही पद्धत सोपी आहे, आणि वेगवेगळे समाज वेगवेगळ्या दिशेला सरकले की ती हमखास चुकते. खूणही आधी मिळाली होती. २०१८च्या गव्हर्नर निवडणुकीत इथली डेमोक्रॅटिक आघाडी २१वर आली होती. मध्यावधी, म्हणजे अध्यक्षांच्या कार्यकाळाच्या मधोमध होणाऱ्या, निवडणुकीत मतदान कमी होतं, त्याचा हा परिणाम, असं मानून आम्ही ती खूण सोडून दिली. तीच मोठी चूक.

मूळ मतं बघितली की चित्र आणखी स्पष्ट होतं. डेमोक्रॅटिक मतं ६,२४,१४६ वरून ६,१७,८६४ झाली, जेमतेम सहा हजारांची घट. ट्रम्प यांची मतं ३,३३,९९९ वरून ५,३२,८३३ वर गेली. नुसत्या टक्क्यांवरून वाटतं की मतदारांनी मोठ्या प्रमाणावर पक्ष बदलला. पण दोन लाखांच्या या वाढीत बाजू बदललेले किती आणि नव्याने मतदानाला आलेले किती, हे काउंटीच्या बेरजेवरून ठरवता येत नाही. त्यासाठी कोणी मत दिलं याची नोंद असलेली मतदार यादी आणि केंद्रनिहाय निकाल एकत्र लावावे लागतात.

सर्वेक्षणांना हे दिसलं नाही याचं कारण नमुन्यात आहे. राज्यभरात ८०० जणांना विचारलं, तर १७ टक्क्यांच्या हिशेबाने हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिश भाषक देशांतल्या वंशाचे, मतदार १३६ येतात. त्यात क्युबन वंशाचे, म्हणजे मायामी-डेडमधल्या सर्वात मोठ्या हिस्पॅनिक गटाचे, साधारण ४०. चाळीस माणसांवरच्या आकड्यात पंधरा टक्के इकडेतिकडे होणारच. फ्लोरिडाच्या मतदार यादीत पक्ष, जन्मतारीख, वंश सगळं असतं, पण ‘हिस्पॅनिक’ या एकाच शब्दाखाली मायामी-डेडमधल्या हायालीआचा क्युबन आणि ऑरलँडोजवळच्या किसिमीचा पोर्तोरिकन दोघेही येतात. मूळ देश जनगणना खात्याच्या सर्वेक्षणात ट्रॅक्टनिहाय (ट्रॅक्ट म्हणजे जनगणनेसाठी आखलेला छोटा भाग) मिळतो. ट्रॅक्टची हद्द आणि मतदान केंद्राची हद्द जुळत नाही, म्हणून आधी दोन्ही जनगणनेच्या ब्लॉकवर (सर्वात लहान भागावर) उतरवायच्या आणि प्रौढ लोकसंख्येच्या प्रमाणात वाटायच्या. क्षेत्रफळाच्या प्रमाणात कधीही वाटू नका. एव्हरग्लेड्सच्या दलदलीला लागून असलेल्या केंद्रांत निम्मी जमीन रिकामी असते आणि तिथे मतदार ‘तयार’ होतात. दोन निवडणुकांमध्ये केंद्रांच्या हद्दी बदलल्या असतील, तर जुने निकालही याच मार्गाने नव्या हद्दीत आणायचे.

त्या रात्री दुसरी चूक होता होता राहिली. मायामी-डेड इतकी सरकली, तर उरलेलं राज्यही तसंच सरकणार, असं धरून गणित पुढे न्यायचा मोह मोठा असतो. प्रत्यक्षात मायामी-डेड वगळली तर राज्यात ट्रम्प यांची आघाडी दोन्ही निवडणुकांत पावणेपाच टक्क्यांच्या आसपासच राहिली. जॅक्सनव्हिलची ड्युव्हाल काउंटी १९७६ नंतर आणि ऑरलँडोशेजारची सेमिनोल १९४८ नंतर पहिल्यांदाच डेमोक्रॅटिक उमेदवाराकडे गेली. टँपा बेमधली पिनेलासही बायडन यांनी परत मिळवली. राज्यातला फरक १,१२,९११ वरून ३,७१,६८६ वर गेला, आणि या वाढीतला जवळजवळ चार पंचमांश वाटा एकट्या मायामी-डेडचा.

म्हणून आता आमच्या तक्त्यात मायामी-डेडनंतर लगेच ओसिओलाची ओळ असते. किसिमी याच काउंटीत आहे आणि तिथले हिस्पॅनिक मुख्यतः पोर्तोरिकन. २०२० मध्ये तिथेही आघाडी २५ वरून १४वर उतरली, त्यामुळे सगळं काही क्युबन मतदारांवर टाकून मोकळं होता येत नाही. या दोन्ही ओळी भरेपर्यंत बाकीच्या काउंट्यांचा हिस्पॅनिक झुकाव आम्ही बदलत नाही.