तुम्ही विचारलंत म्हणून: त्यानं बदललं काय?

चवथीला आरती संपून पानं वाढायच्या आधी, पणजीच्या चर्चासत्रात चहाच्या रांगेत, आणि एकदा तर दंतवैद्याच्या खुर्चीत तोंड उघडं असताना मला हा प्रश्न विचारला गेला आहे: बिझनेस स्कूलमध्ये बसून तुम्ही बायका, जात, कंत्राटी कामगार यांच्यावर संशोधन करता, हे काम समाजशास्त्रवाल्यांचं नव्हे का? आणि केलंत, तर त्यानं बदललं काय? (साखळीजवळच्या गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटमध्ये मी नाही, हेही दर वेळी सांगावं लागतं.) हसून विषय बदलायचा आता कंटाळा आला आहे.

पहिल्या भागाचं उत्तर सोपं. कोणाला मुलाखतीला बोलवायचं, कोणाला कायम करायचं, रात्रीची बस कुठपर्यंत न्यायची, हे ठरवणारी माणसं आमच्या वर्गातून बाहेर पडतात. सुखदेव थोरात आणि पॉल अटेवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले, फक्त नावं बदलून. दलित आणि मुस्लिम नावांना बोलावणी कमी आली. हे २००७ साली छापून आलं. २०१२ मध्ये देशातल्या आघाडीच्या हजार कंपन्यांच्या संचालक मंडळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात सुमारे ९३ टक्के संचालक तथाकथित वरच्या जातींचे निघाले. हे व्यवस्थापकांना शिकवायचं नाही तर कोणाला? गोव्यात तर खोटे अर्ज पाठवायचीही गरज नाही. आडनाव आणि गाव सांगितलं, की समोरचा "म्हणजे अमक्या वाड्यावरचे का?" विचारतो आणि तुमचं काम झालेलं असतं, किंवा नसतं.

दुसरा भाग मात्र झोंबतो.

पीएचडी करत होते तेव्हा माझ्याकडे तयार उत्तर होतं: विविधता आली की नफा वाढतो. मॅकिन्झी या सल्लागार कंपनीचे अहवाल, २०१५ पासूनचे, मला पाठ होते. २०२४ मध्ये जेरेमाया ग्रीन आणि जॉन हँड या दोन प्राध्यापकांनी अमेरिकेतल्या एस अँड पी ५०० या यादीतल्या बड्या कंपन्यांवर तो हिशेब पुन्हा करून पाहिला, तर तसा संबंध दिसेना. वर्गात हे सांगताना मला, खरं तर, हलकं वाटलं. नफा वाढत नसेल तर बाईला रात्री घरापर्यंत सोडायचं नाही, असं थोडंच आहे? पण तेव्हाची मी अजून भांडते: नफ्याचं नाव काढल्याशिवाय तुला गेटच्या आत कोणी घेतलं असतं का गं? नसतं.

एका औषध कंपनीनं आम्हाला बोलावलं होतं. नाव सांगणार नाही, औद्योगिक वसाहतही नाही. पॅकिंगच्या मुली शिकून तयार होतात आणि सोडून जातात, ही तक्रार. एचआरचं निदान ठरलेलं होतं: लग्नं होतात. मी मुलींना त्यांच्या घरी जाऊन भेटले, कारण कंपनीच्या कँटीनमध्ये कोणी खरं बोलत नाही. बऱ्याचशा सत्तरी-डिचोलीच्या खाणपट्ट्यातल्या. खाणी २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये थांबल्या तेव्हा ज्यांच्या दारात ट्रक नुसता उभा राहिला, त्या घरांतल्या. लग्नाचं कारण क्वचितच निघालं. सेकंड शिफ्ट सुटली की कंपनीची बस तिठ्यावर सोडायची. पुढे वाड्यापर्यंत काळोख. वडील किंवा भाऊ दुचाकी घेऊन येऊन थांबला तरच नोकरी चालू. भावाला नोकरी लागली, की बहिणीची सुटायची. शिवाय या सगळ्या कंत्राटदाराच्या पटावर. कंपनी मिरवत होती तो महिला कर्मचाऱ्यांचा आकडा ऑफिस आणि लॅबमधल्या बायकांचा होता. त्यात या नव्हत्याच.

सादरीकरणाला वरिष्ठ मंडळी बसली होती. मी कालेव्ह, डॉबिन आणि केली यांचा २००६ चा अभ्यास सांगितला: अमेरिकेतल्या सातशेहून अधिक खासगी कंपन्यांत नुसत्या प्रशिक्षणानं फारसं काही हललं नव्हतं, पण एखाद्या व्यक्तीवर किंवा समितीवर जबाबदारी टाकली तिथे बायका व्यवस्थापनात वर गेल्या. तेव्हा बसचीही जबाबदारी कोणातरी एकावर टाका, म्हटलं. माना डोलल्या. मग साहेब म्हणाले, आपण प्रत्यक्षच विचारू की. पॅकिंगमधून एकीला बोलावणं गेलं. डोक्यावरची टोपी तशीच ठेवून ती आली. बसची गोष्ट मला सर्वांत आधी सांगितली होती ती हिनंच, तिच्या घरच्या ओसरीवर.

"बसचा काही त्रास आहे का?" साहेबांनी अगदी प्रेमानं विचारलं.

"ना सर. सगळें बरें आसा."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

तेव्हा मी काय करायला हवं होतं, हे मला नंतर बऱ्याच जणांनी समजावलं आहे. तिला तिचे शब्द आठवून द्यायचे? नाव गुप्त ठेवीन असं मी लेखी दिलं होतं. कंत्राटदारानं दुसऱ्या दिवशी तिला येऊ नको म्हटलं असतं आणि कारणही सांगितलं नसतं. मी गप्प बसले. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा बसेन. माझा एक सहकारी म्हणतो, हा भित्रेपणा आहे आणि तू त्याला नीतिमत्ता म्हणतेस. तू अशा खोलीत कधी उभा राहिलास, असं मी त्याला सुनावते. घरी गेल्यावर त्याचंच बरोबर वाटतं.

बाहेर ती भेटली. नजर चुकवेल असं वाटलं होतं. "मॅडम, तुमी आतां वतात," ती म्हणाली. "म्हाका फाल्यां परत हांगाच येवपाचें आसा." तुम्ही आता जाल, मला उद्या परत इथंच यायचं आहे. बसचं वेळापत्रक सांगावं तसं.

अहवाल स्वीकारला गेला, बसचं पान परिशिष्टात गेलं. पुढे बस वाड्यापर्यंत जाऊ लागली, हे खरं. पण त्याच सुमारास शेजारच्या कारखान्यानं घरापर्यंत गाडी देऊन मुली पळवायला सुरुवात केली होती. त्यात माझ्या अहवालाचा वाटा किती? मोजता येत नाही, आणि मोजणं हाच माझा धंदा. ती मुलगी तोवर सोडून गेली होती. मग बाजारानंच केलं की, असं तुम्ही म्हणाल. केलं असेल. मंदी आली की हीच बस पहिली बंद होईल, तेव्हा बाजाराला जाब कोण विचारणार?

आता शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या हजार नोंदणीकृत कंपन्यांना जबाबदारी आणि शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला आहे. त्यात कायम आणि कायम नसलेले असे वेगळे रकाने आहेत, बाई-पुरुष वेगळे, दिव्यांगांचे वेगळे. म्हणजे पॅकिंगची मुलगी निदान कागदावर येते. त्या तक्त्यात जातीचा रकाना नाही. गोव्यातल्या गावडा, कुणबी आणि वेळीप यांना २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. त्यांच्यातले किती जण कंपनीच्या पटावर आणि किती कंत्राटदाराच्या, हे कुठे पाहायचं? मी विचारलं की एचआरवाले दचकतात. "आम्ही जात पाहत नाही, मॅडम." वाडे मात्र तोंडपाठ.

सध्या आणखी एका कंपनीचं बोलावणं आलं आहे. विषय तोच, मुली टिकत नाहीत. मी दोन अटी घातल्या आहेत: आधी कंत्राटदाराचं मस्टर दाखवा, आणि सादरीकरणाच्या वेळी एकाही कामगाराला आत बोलवू नका. म्हणजे ज्यांच्याविषयी बोलायचं त्याच खोलीत नकोत, असं आता तूच म्हणतेस, असं तो सहकारी म्हणाला. मला उत्तर सुचलं नाही. कंपनीनं ही दुसरी अट लगेच मान्य केली. मस्टरचं लीगलला विचारून कळवतो म्हणाले.