बाई, तुम्ही डोंगराला कशा जाता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. निपाणीत तीस वर्षं विज्ञान शिकवलं, ग्रहणात पोरांना डबा खायला लावला, त्यामुळे हा प्रश्न काही चुकत नाही. मग सौंदत्तीला, यल्लम्माच्या डोंगराला कशी जाते मी?

बांगड्यांसाठी.

मार्गशीर्षातली पौर्णिमा ही आमच्याकडे रांडाव पुनव. सहस्रार्जुनाच्या पोरांनी जमदग्नीला मारलं, त्याची बायको रेणुका, म्हणजे हीच यल्लम्मा, विधवा झाली, म्हणून त्या दिवशी देवीच्या बांगड्या फुटतात, देवीला वाहिलेल्या जोगतिणीही आपल्या फोडतात. माघातली ती अहेव पुनव, म्हणजे सवाशिणीची. कन्नड बायका मुत्तैदे हुण्णिमे म्हणतात. जमदग्नी उठतो, देवी पुन्हा चुडा भरते. सगळं दोन महिन्यांत उरकतं.

माझी आज्जी चोविसाव्या वर्षी विधवा झाली. दर माघात कासाराकडून डझनभर हिरव्या बांगड्या घ्यायची, दोऱ्यात ओवलेल्या. पदरात बांधून, यष्टीत पिचू नयेत म्हणून सौंदत्तीपर्यंत पोटाशी धरून बसायची. देवीपुढे ठेवायची आणि मोकळ्या हातानं परत. एकदा मी विचारलं, "आज्जी, तू का गं भरत न्हाईस?"

"तिचा नवरा उठला की गं," म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघत बसली.

कथा खरी की खोटी, यावर माझ्याशी वाद घालायला लोक येतात. घाला बापडे. मला दिसतं ते एवढंच, की ही पुनव ज्यांनी बसवली त्यांना विधवेचं दुःख पुरतं कळलं होतं, आणि तरी सुटका त्यांनी एकट्या देवीलाच दिली. बाईमाणसाच्या वाट्याला काय आलं? केसांत जट झाली की देवीचं बोलावणं म्हणत याच डोंगरावर पोरी देवदासी म्हणून सोडल्या. न विंचरलेल्या केसांत तेल, मळ, भंडारा बसून गुंता होतो, तीच जट. कात्रीनं निघते. बंदीचा कायदा मुंबई इलाख्यात १९३४ साली झाला, कर्नाटकात १९८२ चा. पोरी त्यानंतरही चोरून सोडल्याच.

२०२२ च्या मे महिन्यात इथून जवळच, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही. पेपरातली ती बातमी मी दोनदा वाचली. तेव्हा आज्जी नव्हती.

गेल्या माघात मी डझन घेतला. सहा देवीपुढे ठेवल्या, सहा परत आणल्या. शेजारच्या वहिनींचे यजमान जाऊन वर्ष झालं होतं. त्यांनी बांगड्यांकडे पाहिलं, दार लोटून घेतलं आणि हात पुढे केला.

"सासूबाई झोपल्यात," म्हणाल्या, "हळू भरा."