बेंच

शाळेला पन्नास वर्षं झाली, काहीतरी आठवण लिहून द्या, असा निरोप आला. गॅदरिंग, सहल, कबड्डीची मॅच यांवर बाकीचे लिहितीलच. मला एक बेंच आठवतो.

30 सप्टेंबर 1993. आदल्या रात्री गणपती बुडवून लोक झोपले होते आणि पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. मी नववीत होतो. आमच्या गावात भिंतींना चिरा पडल्या, एवढंच. किल्लारी, सास्तूर आणि त्या पट्ट्यात मात्र हजारो माणसं माळवदांखाली गेली. पुढचे कित्येक दिवस भाकरींची पोती घेऊन ट्रक आमच्या घरावरून तिकडे जात. मेलेल्यांच्या बोटांतल्या अंगठ्या ओरबाडल्याच्या गोष्टी त्याच रस्त्याने परत येत.

दिवाळीनंतर तिकडचा एक मुलगा आमच्या वर्गात आला, मामाकडे राहायला. तो किल्लारीचा नव्हता, तरी आम्ही त्याला 'किल्लारी'च म्हणायचो. त्याच्या मागचा बेंच माझा. गुडघ्याने त्याचा बेंच हळूच हलवायचा आणि म्हणायचं, "येलालंय रे, येलालंय!" तो दप्तर टाकून दाराबाहेर. वर्ग हसायचा. मी हे किती वेळा केलं, मोजलेलं नाही.

एकदा मराठीच्या सरांनी ते पाहिलं. छडी काढली नाही. ऑफ तासाला त्यांनी एक गोष्ट लावली, ती चार तास पुरली. विल्यम गोल्डिंग यांची 1954 ची कादंबरी, 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज'. युद्धाच्या काळात विमान पडून बेटावर अडकलेली शाळकरी पोरं, मोठं माणूस एकही नाही. शंख ज्याच्या हातात त्यानंच बोलायचं, हा पोरांचाच नियम. त्यांत एक जाडा, चष्मेवाला. त्याच्या भिंगावर सगळ्यांचा जाळ पेटतो आणि त्यालाच सगळे 'पिगी' म्हणतात. शेवटी त्याच्यावर वरून धोंडा लोटतात. तो मरतो, शंखाचाही चुरा होतो.

"पुस्तक संपतं, पण त्याचं खरं नाव कळत नाही," सर म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "तुझ्यापुढं बसतो, त्याचं नाव सांग."

मला सांगता आलं नाही.

"म्हणजे माणूस मुळातच वाईट का, सर?" मागून कुणीतरी विचारलं.

"रोज पसायदान म्हणता की. 'जे खळांची व्यंकटी सांडो'. खळ मरोत असं नाही मागितलं, वाकडेपणा सांडो म्हटलंय. अन् म्हणणारा कोण? संन्याशाचं पोर म्हणून वाळीत पडलेला. गोल्डिंगसाहेब शाळामास्तर, महायुद्धात आरमारात होते, त्यांनी माणसं बघितली होती. माऊलींनी काय कमी बघितली?"

तेव्हा ते पटलं. आता तितकं पटत नाही. धूळ झटकावी तशी व्यंकटी झटकता येते, असा सरांचा विश्वास होता. माझा गुडघा तर कुणी न शिकवताच हलत होता. नाव विचारल्यावर तो थांबला, हेही खरं. नाव त्याच दिवशी मधल्या सुट्टीत विचारून घेतलं.

आमच्या 1995 च्या दहावीच्या बॅचच्या गेट-टुगेदरला तो भेटला. जेवणं झाल्यावर मीच बेंचचा विषय काढला. माफी मागायची होती. तो बडीशेप चघळत हसला.

"सुट्टीत गावाकडं, भूकंपानंतरच्या पत्र्याच्या शेडवर गेलो की," तो म्हणाला, "मी बी धाकट्याची बाज हलवायचो. लई रडायचा."