थिअरीचा पेपर आणि ‘ययाती’

एम.ए.ला साहित्य सिद्धांताचा पेपर हातात आला की पोरं हबकतात, संरचनावाद, विरचना, वसाहतोत्तर, नुसते वादच वाद, मग करतात काय तर झेरॉक्सच्या नोट्स आणायच्या आणि प्रत्येक वादाची वैशिष्ट्यं पाठ करायची. माझं कळकळीचं म्हणणं आहे की असं करू नका. आधी एक ओळखीची कादंबरी हातात घ्या आणि थिअरीवाल्यांचे प्रश्न तिला विचारून बघा.

कोल्हापुरात आहोत तर वि. स. खांडेकरांची ‘ययाती’ घ्या की. १९५९ची कादंबरी, १९७४चं ज्ञानपीठ, आणि खांडेकरांचं संग्रहालय आपल्या शिवाजी विद्यापीठातच आहे. बहुतेकांनी शाळा-कॉलेजात वाचलेली असते.

सुरुवात सोस्यूरपासून. जिनिव्हात भाषाशास्त्र शिकवायचा, १९१३ला गेला, आणि १९१६ला त्याच्या नावावर जे पुस्तक आलं ते सहकाऱ्यांनी मुख्यतः विद्यार्थ्यांच्या वर्गातल्या वह्यांवरून जुळवलेलं, मला ही गोष्ट फार आवडते. त्याचा मुद्दा असा की शब्दाचा अर्थ वस्तूला चिकटलेला नसतो, बाकीच्या शब्दांपेक्षा तो वेगळा आहे यातून अर्थ येतो. मामा म्हणजे कोण हे कळायला काका, आत्या, मावशी हे सगळं जाळं लागतंय.

हाच विचार पुढं गोष्टींना लावला गेला, त्यालाच संरचनावाद म्हणतात. ‘ययाती’त भोग आणि संयम अशी जोडी आहे, एकीकडं ययाती, दुसरीकडं कच. संरचनावादी ही जोडी दाखवून देईल. फ्रेंच तत्त्वज्ञ देरिदा (१९६६चं त्याचं बाल्टिमोरमधलं भाषण प्रसिद्ध आहे) त्यापुढचं विचारतो, की ज्याला वरचं स्थान दिलंय ते खालच्यावाचून उभं तरी राहतंय का? कचाचा संयम उजळ दिसतो तो शेजारी ययाती आहे म्हणून. तेवढं धरलं तरी विरचनेची वाट सापडते.

आता फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थ, १९६७चा निबंध, ‘लेखकाचा मृत्यू’, म्हणजे अर्थ लेखकाच्या हेतूत बांधलेला नसतो, तो वाचणाऱ्यापाशी घडतो. पोरं हे शीर्षक पाठ करतात आणि तिथंच थांबतात. पण खांडेकरांनी या कादंबरीमागचा आपला विचार स्वतःच सविस्तर लिहून ठेवलाय, भोगवादाबद्दलची त्यांची चिंता वगैरे, मग प्रश्न असा की तो वाचल्यावर आपण फक्त तेवढंच शोधत कादंबरी वाचायची का? बार्थ म्हणेल नाही. लेखकाचा मान कमी होत नाही त्यानं, वाचणाऱ्यावर जबाबदारी येते.

आणि माझ्या मते सगळ्यात मोठा प्रश्न, बोलतंय कोण? कादंबरीत ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली कहाणी स्वतः सांगतात. एकाच नवऱ्याच्या नात्यातल्या दोन बायका स्वतःच्या तोंडानं बोलतात हे मोठंच आहे, स्त्रीवादी वाचनाला इथं भरपूर जागा आहे. पण ज्याचं तारुण्य मागितलं जातं तो पुरू? दासी अलका, मुकुलिका? त्यांना निवेदन नाही. शर्मिष्ठा दासी झाली तरी मुळात राजकन्या आहे, जन्मानंच दासी असलेल्या बायकांबद्दल आपल्याला कळतं ते दुसऱ्यांच्या तोंडून. वसाहतोत्तर विचार मांडणाऱ्या गायत्री स्पिव्हाक यांनी १९८८च्या निबंधात विचारलेला प्रश्न, तळातल्या माणसाला बोलता येतं का, तो इथं असा दारात येऊन उभा राहतो.

हे सगळं बाहेरून आलंय असंही समजू नका. ताराबाई शिंद्यांनी १८८२लाच ‘स्त्रीपुरुष तुलना’त पुराणातल्या कथांनासुद्धा जाब विचारला होता. शरणकुमार लिंबाळे यांनी दलित साहित्याच्या सौंदर्यशास्त्रावर लिहिलं, नेमाड्यांनी देशीवाद, म्हणजे साहित्याची मुळं आपल्याच मातीत शोधणारा विचार, मांडला. शाहू महाराजांनी १९०२ला ५० टक्के जागा राखून ठेवल्या त्या गावात आपण शिकतोय, तेव्हा कोणाला जागा आणि कोणाला आवाज हा प्रश्न आपल्याला परका वाटायचं कारणच नाही.

तर या सेमिस्टरला एवढं करा. देवयानी स्वतःबद्दल काय सांगते आणि शर्मिष्ठा तिच्याबद्दल काय सांगते ती पानं शेजारी शेजारी ठेवून वाचा, समासात पेन्सिलीनं आपले प्रश्न लिहा. मग बार्थचा निबंध वाचायला घ्या, छोटाच आहे, एका बैठकीत होतो. देरिदा डिसेंबरपर्यंत थांबला तरी चालेल.